पंपाच्या गळ्याखालचं भोक

फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ. इंग्लंडातली, म्हणजे सात वाजून गेले तरी उजाडलं आहे की नाही यावर दुमत होऊ शकेल अशी. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला बाहेर पडलो तर गाडीच्या नाकाखाली ओल दिसली. आता इंग्लंडात ओल ही काही बातमी नव्हे. पण ही ओल पुरीएवढी, गोल आणि हिरवट होती. बोट लावून वास घेतला. गोडसर. म्हणजे पावसाचं पाणी नव्हे, इंजिनातलं. (वासच घ्यावा, चव घेऊ नये. इथे थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यात इथिलिन ग्लायकॉल घालतात. ते गोड असतं आणि जहाल विषारी. गोड लागतं म्हणून चाटून इथली मांजरं मरतात.)

गाडी १९९१ सालची लँडरोव्हर डिफेंडर. डिझेल, अडीच लिटरचं इंजिन. माझ्याहून थोडीशीच लहान. बायकोच्या मते ती गाडी नसून छंद आहे, आणि सिगारेटपेक्षा महाग छंद आहे. मी संशोधन अभियंता, इथेच डॉक्टरेट केली. एवढं असूनही त्या दिवसापर्यंत मी या गाडीत डिझेल भरण्यापलीकडे फारसं काही केलेलं नव्हतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

शनिवारी सकाळी मी अण्णांना फोन करतोच. अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी खात्यात जीपवर ड्रायव्हर होते, निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. नाशिक-मुंबई रस्ता त्यांनी किती वेळा केला त्याची गणती नाही. तब्येत, पाऊस, कांद्याचा भाव झाल्यावर मी सहज म्हणालो, "गाडी पाणी टाकतेय."

फोनवरचा आवाज एकदम सरळ होऊन बसला. "रेडिएटर का पंप?"

"माहीत नाही."

"इंजिन बंद आहे ना? मग पंखा हातात धर आणि पुढे-मागे हलवून बघ."

बघितलं. पंखा किंचित हलला. टक् टक्.

"बेअरिंगला प्ले आलाय. पंप गेला. आता गाडी काढू नकोस. आणि बॉनेटजवळ बॅटरी घेऊन जा, पंपाच्या गळ्याखाली एक भोक असतं, ते शोध."

भोक सापडलं. त्यातून हिरवा ओघळ खाली आलेला होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेल्या पांढऱ्या पापुद्र्याचे थर होते. म्हणजे हे आजचं नव्हतं. कित्येक आठवडे पंप सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो. यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नाही. पंप ही झिजणारीच वस्तू. तीस वर्षांहून जुन्या गाडीत याआधी दोन-तीन तरी बदलून झाले असतील.

आता पंप लागतो कशाला, इथून सुरुवात करू, कारण गंमत तिथेच आहे.

इंजिनात जाळलेल्या इंधनाचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला एक तृतीयांश इंजिनाचं लोखंड तापवतो. हा शेवटचा वाटा बाहेर काढला नाही तर दट्ट्या सिलिंडरमध्ये धरतो आणि इंजिन जाम होतं. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडीत यावर सोपा उपाय होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं आणि ते उकळून जाऊ द्यायचं. संपलं की पुन्हा भरायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर, ही गाडी चालवत गेली. जगातला हा पहिला लांबचा मोटारप्रवास. वाटेत लागेल तिथे ती पाणी भरत गेली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली. म्हणजे पहिली लांबचा पल्ला मारणारी ड्रायव्हर हीच रस्त्यात गाडी दुरुस्त करणारी पहिली मेकॅनिकही होती. ही दोन कामं वेगळी नंतर झाली.

पाणी उकळून घालवण्याऐवजी तेच पुन्हा थंड करून वापरायचं, हा पुढचा टप्पा. १९०० च्या शेवटी विल्हेल्म मायबाखने ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. आजचा रेडिएटर याच कुळातला.

पण पाणी इंजिनातून रेडिएटरपर्यंत जायचं कसं? आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात ते आपोआप फिरतं, तसंच. तापलेलं पाणी हलकं होऊन वर जातं, थंड पाणी खाली येतं. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९०८ साली सुरुवातीला पंप होता. पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांनंतर तो काढून टाकला. बंबाचं तत्त्व फुकट होतं, आणि जी वस्तू गाडीत नाही ती कधी बिघडत नाही. १९२७ पर्यंत दीड कोटी मॉडेल टी विकल्या गेल्या, जवळजवळ सगळ्या पंपाशिवाय. सपाट रस्त्यावर काम भागत असे. लांब चढ लागला की मात्र रेडिएटर उकळायचा, म्हणून लोक बाजारातून वेगळे पंप आणून बसवत. फोर्डने काढलेली वस्तू गिऱ्हाईक स्वतःच्या पैशाने परत आणत होतं.

इंजिनं ताकदवान होत गेली आणि पंप कायमचा आला. पट्ट्यावर फिरणारा दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारी पात्यांची चकती. यात अवघड गोष्ट एकच. दांड्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं हवेत. फिरणाऱ्या दांड्याच्या कडेने पाणी बाहेर येऊ द्यायचं नाही. सुरुवातीच्या पंपांत ग्रीसमध्ये भिजवलेली दोरी दांड्याभोवती ठासून भरत. ज्यांच्या विहिरीवर इंजिन-पंप होता त्यांना ही ग्लँडची दोरी सांगायला नको. थोडं ठिबकलं तर चालतं, किंबहुना ठिबकायलाच हवं, नाहीतर दोरी जळते. फार ठिबकलं तर नट आवळायचा. आवळून भागेना की दोरी बदलायची. आमच्या विहिरीवर हे काम अण्णांचं होतं, आणि पाना हातात देण्याचं माझं.

नंतर दोरी गेली आणि सील आलं. एक कार्बनची कडी, एक सिरॅमिकची, दोन्हींचे तोंडवळे आरशासारखे गुळगुळीत, स्प्रिंगने एकमेकांवर दाबलेले. एक स्थिर, एक फिरणारी. दोहोंच्या मध्ये पाण्याचा एक थर असतो, साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या सत्तर-ऐंशीव्या हिश्शाएवढा. थर नसेल तर कड्या घासून जळतात, जाड झाला तर गळती लागते. दोरीचंच तत्त्व, फक्त ठिबकणं डोळ्यांना दिसेनासं झालं.

आणि आता खरी कबुली. माझी डॉक्टरेट या थरावर आहे. चार वर्षं मी संगणकावर हाच थर मोजत होतो. त्यावर दोनशेच्या वर पानं लिहिली. आणि माझ्याच गाडीतलं सील कित्येक आठवडे गळत होतं, ते मला सात हजार किलोमीटरवरून एका निवृत्त ड्रायव्हरने सांगितलं.

त्या भोकाचं काम असं. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये पंपाच्या अंगाला मुद्दाम एक भोक पाडलेलं असतं. सील झिजलं की पाणी पलीकडे येतं. भोक नसतं तर ते सरळ बेअरिंगमध्ये शिरलं असतं, ग्रीस धुऊन गेलं असतं, आणि एक दिवस बेअरिंग तुटलं असतं. माझ्या इंजिनात पंखा पंपाच्याच दांड्यावर बसतो. बेअरिंग तुटलं तर पंखा रेडिएटरमध्ये घुसतो, पाणी रस्त्यावर सांडतं, आणि अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. मग इंजिनच उतरवा. हे टाळायला एक भोक. गळती थांबवण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. ज्याने ते आखलं त्याने दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. एक, ही वस्तू कधीतरी बिघडणार. दोन, कुणीतरी वाकून बघणार. पहिलं बरोबर होतं. दुसऱ्या बाबतीत त्याने माझा विचार केला नव्हता.

ही दोन्ही गृहीतकं या गाडीच्या जन्मातच आहेत. मी राहतो त्या कॉव्हेंट्रीवर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी बाँब टाकले. शहराचं कॅथीड्रल गेलं, रोव्हर कंपनीच्या इथल्या कारखान्याचंही नुकसान झालं. युद्ध संपल्यावर रोव्हरने आपलं बस्तान जवळच्या सॉलिहलला हलवलं. तिथला कारखाना युद्धासाठी, विमानांच्या इंजिनांचे भाग करायला बांधलेला. कारखाना मोठा आणि काम नाही. रोव्हरच्या गाड्या बँक मॅनेजरांच्या, आणि युद्धात पिचलेल्या देशात त्या घेणार कोण? शिवाय पोलाद सरकारी वाटपात, आणि वाटप निर्यातीच्या हिशोबाने. माल परदेशी विकलात तर पोलाद.

कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांची वेल्समध्ये अँगलसी बेटावर शेती होती. तिथे ते अमेरिकन सैन्याने मागे सोडलेली जुनी विलिस जीप वापरत. जीप उत्तम, पण जुनी, आणि सुट्या भागांची पंचाईत. ही मोडली तर दुसरं काय घ्यायचं, याला इंग्लंडात उत्तर नव्हतं. १९४७ साली रेड व्हार्फ बे इथल्या किनाऱ्यावर त्यांनी भावाला, म्हणजे कंपनीचे प्रमुख स्पेन्सर विल्क्स यांना, वाळूत काठीने नव्या गाडीचं चित्र काढून दाखवलं, असं सांगतात. पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर केला आणि त्यात स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं मधोमध होतं. ३० एप्रिल १९४८ ला अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगासमोर आली. १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन, ५० अश्वशक्ती, किंमत ४५० पौंड. पोलाद नाही म्हणून अंगावरचे पत्रे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आणि तेही शक्यतो सपाट, कारण वाकवायला महागडे साचे लागतात. चणचणीतून आलेली ही गोष्ट पुढे गुण ठरली. पत्रा गंजेना, आणि चेपला तर शेतकरी स्वतः ठोकून सरळ करी.

चार-दोन वर्षं कारखाना जगवण्यापुरती म्हणून काढलेली ही गाडी २९ जानेवारी २०१६ पर्यंत सॉलिहलला बनत राहिली. एकूण सुमारे वीस लाख. मधल्या काळात कंपनीचे मालक कितीदा बदलले. २००८ साली ती टाटा मोटर्सने घेतली, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतंच. ज्या विलिस जीपवरून लँडरोव्हर सुचली तीच जीप १९४९ पासून महिंद्रने मुंबईत जुळवायला घेतली. म्हणजे अण्णांची जीप आणि माझी गाडी नात्याने चुलत बहिणी.

लँडरोव्हरला डिझेल इंजिन १९५७ साली आलं. शेतावर डिझेल असतंच, आणि नदीतून जाताना भिजून बंद पडणारे स्पार्क प्लग नाहीत. त्या इंजिनात इंधन आधी एका छोट्या कोठडीत पेटे आणि मग सिलिंडरमध्ये येई. त्या कोठडीच्या भिंतीतून बरीच उष्णता पाण्यात जायची. १९८९-९० मध्ये आलेल्या माझ्या जातीच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणून पाण्यात वाया जाणारी उष्णता कमी. डिझेल वाचतं, पंपाचा भार हलका होतो, आणि हिवाळ्यात गाडीतला हीटर ऑफिस येईपर्यंत गरम होत नाही. शास्त्रात फुकट काही नाही.

पंप रविवारी बदलायला घेतला. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बायकोनेच हा निर्णय घेतला. नवा पंप मात्र दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढ्या किमतीत आला.

आधी थंड इंजिनातलं पाणी बादलीत काढलं. मग पंखा. त्याचा नट बत्तीस मिलिमीटरचा आणि त्याचे आटे उलटे, म्हणजे आवळायच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे वाचलेलं होतं, तरी हात दोनदा सवयीच्या बाजूला गेलाच. मग पट्टा आणि पुली. मग पंपाचे बोल्ट, काही आखूड, काही लांब. इथे अण्णांची युक्ती. पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढायचं, काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात खोचायचा. लांब बोल्ट आखडाच्या भोकात गेला तर काय होतं हे त्यांनी सांगितलं नाही. "नको ते होतं," एवढंच म्हणाले.

चौथा बोल्ट हलेना. मी पान्याला पाइप लावला आणि जोर दिला. कट्. बोल्टचं डोकं हातात आलं.

फोन.

"मोडलास ना?" म्हणाले. रागावले नाहीत, हे जास्त लागलं. "आता ऐक. बाकीच्यांना तेल मार आणि चहा पिऊन ये. मग अर्धा आटा सोडायचा, पुन्हा आवळायचा. पुन्हा सोडायचा. गंज भुगा होऊन बाहेर आला पाहिजे. जोर लावायचा नसतो, वेळ लावायचा असतो."

बाकीचे सगळे सुटले. पंप लाकडाने हळूहळू ठोकून काढल्यावर मोडक्या बोल्टाचा दांडा बोटभर बाहेर राहिला होता. तो पकडीत धरून त्याच पद्धतीने काढला. अंगठ्याएवढ्या त्या तुकड्याला पाऊण तास गेला.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. जुना पंप ठोकून उघडला होता. झिजलेल्या दोन कड्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. कार्बनच्या कडीवर वाळूने ओरखडावं तशी गोल रेघ होती.

अण्णांनी चश्मा लावला. बराच वेळ बघितलं. "म्हणजे आपल्या पंपाला जी दोरी होती, तिचं काम ही चकती करते."

"हो."

"आणि या दोन चकत्यांमध्ये पाणी राहतं?"

"राहायलाच लागतं. नाहीतर जळतात. ते किती राहतं, का राहतं, तेच मी चार वर्षं बघत होतो."

माझा बांधलेला प्रबंध घरी काचेच्या कपाटात आहे, आजोबांच्या फोटोशेजारी. तो इंग्रजीत आणि गणितात असल्यामुळे कुणी उघडलेला नाही. पोरगा विलायतेत इंजिनाचं काहीतरी करतो, यापलीकडे अण्णांनी कधी कुणाला सांगितलं नाही आणि मीही कधी त्यांना समजावायच्या भानगडीत पडलो नाही. मला वाटायचं, त्यांना कळणार नाही. असं मला वाटायचं, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

ते म्हणाले, "दोरी मी दर हंगामाला बदलायचो. थेंब मोजून नट आवळायचो. मिनिटाला किती पडले की बरोबर, ते हाताला कळायचं." थोडं थांबून म्हणाले, "हे आधी सांगायचंस."

मग त्यांनी मला एक विचारलं. घाटात जीप का तापायची? कसाऱ्याचा घाट चढताना मे महिन्यात ते खालच्या गियरमध्ये चढवत. नवे ड्रायव्हर वरच्या गियरमध्ये रेटत आणि अर्ध्यात वाफ काढत थांबत. हे त्यांना माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. मी सांगितलं. पंप पट्ट्यावर, पट्टा इंजिनावर. इंजिनाचे फेरे कमी झाले की पंपाचे आणि पंख्याचेही कमी. घाटात काम सगळ्यात जास्त, गाडीचा वेग कमी म्हणून वारा कमी, आणि वरच्या गियरमध्ये नेमके फेरेही कमी. खालच्या गियरमध्ये इंजिन जोरात फिरतं, म्हणून पाणीही. त्यांनी मान हलवली. माझं संशोधन एखाद्याच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला कामी आलं, असं पहिल्यांदाच झालं.

आजच्या बऱ्याच गाड्यांत विजेवर चालणारा पंप असतो. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून नाही, घाटात लागेल तेवढा फिरतो. म्हणजे अण्णांचा प्रश्न अभियंत्यांनी सोडवला. मी जुन्याचं कौतुक करणाऱ्यांपैकी नाही, तो पंप जास्त चांगलाच आहे. फक्त त्याच्यापर्यंत पोचायला घरचे पाने पुरत नाहीत, आणि बिघाड कळतो तो डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून. वाकून बघणारा माणूस त्या आखणीत धरलेला नाही.

नवं गॅस्केट, नवा पंप, पुठ्ठ्यावरून एकेक बोल्ट परत. पाणी भरताना रेडिएटरच्या माथ्यावरचा प्लग उघडा ठेवून हवा काढली, कारण हवेचा बुडबुडा अडकला तर पंप रिकामाच फिरतो. मग गाडी चालू करून काट्याकडे बघत बसलो. काटा मधोमध येऊन थांबला. बायकोने खिडकीतून विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं." खरं तर एक बोल्ट नवा घालायला लागला होता, पण ते सांगायची गरज वाटली नाही.

त्यानंतर दर शनिवारी तब्येत, पाऊस आणि कांद्याचा भाव झाला की अण्णा विचारतात, "भोक कोरडं आहे का?" मग मी बॅटरी घेऊन बाहेर जातो, वाकतो आणि बघून येतो.

असो. अजून कोरडं आहे.